झेंडूचा अर्धा हार

कॅप्टन दळवींच्या पत्नीचा, शैलावहिनींचा फोन सकाळी आला. "साहेब गेले हो..." एवढंच त्या बोलल्या. खरं सांगतो, दुःखाच्याही आधी मनात आलं : सुटलो, आता कुणालाच कळणार नाही. कॅप्टन दळवींसारखा माणूस गेला आणि मला सुटल्यासारखं वाटलं! स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती. दीड महिना झाला, ती जात नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आमच्या मालकांचा चितेगावला बियाण्यांचा कारखाना. मूळचे कन्नड तालुक्यातले शेतकरी, पण हौस दांडगी. बरकत आली तसं त्यांनी चार जणांचं छोटं विमान घेतलं. चिकलठाण्याच्या विमानतळावर ते उभं असायचं. दळवीसाहेब ते चालवायचे आणि मी त्याची कागदपत्रं, इंधन, धुणंपुसणं बघायचो. साहेब अबोल. उड्डाणाआधी विमानाभोवती सावकाश फेरी मारायचे, प्रत्येक फटीत, प्रत्येक तोंडात स्वतःची बोटं घालून बघायचे. मी चेष्टा करायचो, "साहेब, बाजारात वांगीसुद्धा एवढी दाबून कुणी घेत नाही." त्यावर म्हणायचे, "वांगं किडकं निघालं तर फेकता येतं."

सहा वर्षांपूर्वीची खंडेनवमी. कारखान्यातल्या यंत्रांची पूजा झाली आणि मालक म्हणाले, "अन् विमानानं काय घोडं मारलंय? त्यालाबी हार घाला." मी झेंडूचा आणि आंब्याच्या पानांचा चांगला मनगटाएवढा जाड हार स्वतः ओवला, विमानाच्या नाकावर बांधला, कुंकू लावलं, नारळ फोडला. दसऱ्याला सकाळी मालकांना पुण्याला जायचं होतं आणि मलाही सोबत नेणार होते. निघण्याआधी मी हार ओढला, तर तो मधेच तुटला. उरलेला तुकडा पंख्याखालच्या चौकोनी तोंडात, जिथून इंजिन हवा घेतं तिथं, आत घसरला. दोऱ्याचं टोक मला दिसत होतं. पण मालक आत बसून ओरडत होते, "चला की, मुहूर्त टळतोय!" मी मनाशी म्हटलं, चार फुलांनी काय होतंय.

तेवढ्यात साहेब फेरी मारत नाकापाशी आले. "हार सगळा काढला? आतलापण?"

"काढला साहेब. हात घालून बघितलं."

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. तो मागे गेलेला हात मला आजही दिसतो.

उभ्या जागी इंजिनाचा वेग वाढवून पाहिला तेव्हा सगळं ठीक होतं. मग धावपट्टीवर पूर्ण जोर दिला आणि विमान पळायला लागलं. मी साहेबांच्या मागे बसलो होतो. नाक आता उचलणार, एवढ्यात इंजिन खोकलं. एकदा, दोनदा... आणि सगळं विमान थडथडायला लागलं. पुढची काच, दार, माझे दात, सगळंच. मला त्या क्षणी कळलं की हे माझंच काम आहे. समोर धावपट्टी संपत आली होती, त्यापलीकडे कुंपण आणि कुंपणापलीकडे घरं. गच्चीवर वाळत घातलेले कपडे मला स्पष्ट दिसत होते. मालक "आई गं, आई गं" करत होते. साहेबांनी इंजिनाचा जोर तोडला, ब्रेकवर दोन्ही पाय रोवले. विमान डावीकडे ओढ घ्यायला लागलं, ते त्यांनी पायांनीच सरळ धरलं. रबर जळल्याचा वास आला. कुंपण मोठं होत गेलं, मोठं होत गेलं... आणि थांबलं.

"मागच्या बाजूनं उतरा. पंख्याकडे कुणी जायचं नाही," साहेब म्हणाले. आवाज नेहमीचाच. सगळं बंद करून ते शेवटी उतरले, नाकाखाली वाकले आणि बोटांनी झेंडूचा लगदा बाहेर काढला. सोबत दोरा आला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहत होतो.

मालक म्हणाले, "काय झालं व्हय? कुणी केलं हे?"

"माझी चूक," साहेब म्हणाले. "हात घालून बघणं माझं काम होतं. मी बघितलं नाही."

माझं तोंड उघडलं नाही. घरी दोन लहान मुलं होती, नोकरी जाईल ही भीती होती. ती भीती त्या कुंपणापेक्षाही मोठी वाटली, काय सांगू! दिवाळीच्या आत मालकांनी दुसरा वैमानिक ठेवला. साहेब पुन्हा उडाले नाहीत.

मी मात्र दर दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन गारखेड्याला त्यांच्या घरी जायचो. पाय धरायचे, सांगून टाकायचं, असं ठरवूनच जायचो. साहेब पानं घ्यायचे, चहा व्हायचा, मग वहिनी आत जायच्या आणि साहेब उठून पंखा बंद करायचे. जुना पंखा, खडखड फार करायचा, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा कोण बंद करतं? मला वाटायचं, म्हाताऱ्याला वारं सोसत नाही. आम्ही दोघं गप्प बसून राहायचो. घामाची धार लागायची आणि मी "येतो साहेब" म्हणून उठायचो.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो आणि एकदाचं सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. रागावतील, हाकलून देतील असं वाटलं होतं.

"मला त्या दिवशीच ठाऊक झालं होतं," त्या म्हणाल्या. "घरी येऊन बोलले मला."

"मग साहेब मला कधी काही बोलले का नाहीत?"

"म्हणायचे, तो आपणहून सांगंल, त्याला थोडा वेळ लागतोय. दर दसऱ्याला तुम्ही आलात की मला म्हणायचे, तू आत जा. अन् पंखा बंद करायचे... तुम्ही हळू बोललात तर ऐकू यावं म्हणून."

मी वर पाहिलं. पंखा खडखडत फिरत होता. पाच दसरे साहेब त्याच्याखाली घाम पुसत माझी वाट बघत बसले होते, आणि मी उकडतंय म्हणून लवकर उठायचो.