तीन गैरहजेऱ्या

मे महिन्यातला दुसरा शुक्रवार, सकाळी दहा. मस्कत, अल् घुब्रा, आमच्या फ्लॅटचा हॉल.

हजर: अध्यक्ष (मी), खजिनदार, शाळेच्या मॅडम, इंजिनिअर. गैरहजर: टेलरचाचा (मुक्काम इब्रा). कोरम पूर्ण.

रजिस्टरमध्ये एवढं लिहून मी खाली रेघ मारली. विषय एकच होता. रत्नागिरीकडे आमच्या ट्रस्टची जांभ्याची सहा घरं बांधून तयार झाली होती आणि ती कोणाला द्यायची, यावर शिक्कामोर्तब करायचं होतं.

ट्रस्ट म्हणजे ओमानमधल्या आम्हा काही मराठी माणसांनी एकत्र येऊन गावाकडे घेतलेली जमीन. जमीन कायम ट्रस्टची. घर ज्याला मिळेल त्याने आणि त्याच्या बायकोने मरेपर्यंत राहावं, पण विकू नये; रिकामं झालं की ते पुढच्या गरजवंताला. अट एकच, अर्जदाराच्या नावावर दुसरं घर नको. तीस-तीस वर्षं इथे राबून परत जाणाऱ्या माणसाला गावात बिल्डरचा फ्लॅट परवडत नाही, म्हणून हा खटाटोप. कोणी पगार घेत नव्हतं. चहा माझा, झेरॉक्स इंजिनिअरच्या ऑफिसातली, बांधकामावर देखरेखही त्यांचीच.

जमीन मिळाली ती टेलरचाचांमुळे. मस्कतपासून दोन तासांवर इब्रा, तिथल्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्यांचं डिशडाशा, ओमानी पुरुषांचे पायघोळ झगे, शिवायचं दुकान. दुकान अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या नावावर, मशीन आणि त्यावर वाकलेली मान चाचांची. जमीनमालक त्यांच्याच गावचा. त्याच्याकडे मुंबईचे दोन बिल्डर खेटे घालत होते. त्याने आम्हाला दिली, कारण चाचा सुट्टीत जाऊन त्याच्या ओट्यावर आठवडाभर बसले. यादीत चाचांचा नंबर दुसरा होता. त्यांची बायको तिच्या भावाच्या घरात मागच्या खोलीत राहते. भाच्याचं लग्न ठरलं होतं आणि ती खोली लागणार होती. चाचांची साठी उलटून गेलेली. अर्बाबने सांगितलं होतं, व्हिसा या खेपेपुरता, मग खलास.

आता माझ्या नियमाबद्दल. पहिल्या वर्षी मीटिंगला माणसं यायची नाहीत. व्हॉट्सॅपवर अंगठा दाखवायची आणि त्याच वेळी मॉलमध्ये दिसायची. कोणी फोनवरून हजर राहायचं आणि मध्येच पेट्रोल पंपावरच्या माणसाशी बोलायला लागायचं. मला असल्या कामाचा तिटकारा आहे. मी एक पानी नियमावली केली: सलग तीन मीटिंगना प्रत्यक्ष हजर नसेल त्याचं नाव यादीच्या तळाशी. ‘प्रत्यक्ष’ला अधोरेखन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या महिन्यात खुर्च्या कमी पडल्या आणि मी स्वतःवर खूश झाले.

मीटिंगचा वार शुक्रवार, तोही मीच ठरवला. शनिवारी माझ्या मुलीचे क्लास असतात.

इब्र्याच्या शिंप्याचा शुक्रवार कसा असतो हे मी तेव्हा विचारलं नाही. मस्कतला नोकरी करणारी तिथली ओमानी माणसं गुरुवारी संध्याकाळी गावी परततात, आणि कपडे शिवायला टाकायचे, माप द्यायचं, शिवलेलं न्यायचं, हे सगळं शुक्रवार-शनिवारीच करतात. चाचांनी मला दोनदा सांगितलं होतं, “ताई, एकदा सोमवारी ठेवा ना. सोमवारी मी पळत येईन.” दोन्ही वेळा मी ते ‘इतर विषय’मध्ये घातलं, आणि ‘इतर विषय’ वेळेअभावी पुढच्या मीटिंगवर गेले. फोन स्पीकरवर ठेवा, असंही ते म्हणाले होते. ते नियमात बसत नव्हतं.

पहिली गैरहजेरी रमजान लागायच्या तोंडावरची. दुसरी ईदच्या आदल्या आठवड्यातली. त्या आठवड्यात शिंपी जेवतो तेच नशीब. तिसऱ्या वेळी ते आले. शेअर टॅक्सी वाटेत सवारीसाठी थांबत राहिली आणि ते पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. मी कप गोळा करत होते. दारात घामाने भिजलेले, हातात हलव्याचा डबा.

“आलो तर खरा, ताई.”

“मीटिंग संपली, चाचा.”

“मग लिहा तसं. उशिरा आला म्हणून लिहा.”

“रजिस्टर बंद केलंय,” मी म्हटलं. रजिस्टर समोर टेबलावर होतं. पेन त्यातच होतं.

ते हसले. पाणी प्यायले, माझ्या मुलीला इंग्रजीत दोन प्रश्न विचारून बघितले, आणि दुकान उघडायचं म्हणून लगेच परत निघाले. मेच्या मीटिंगला येताय का, असं मी नंतर फोनवर विचारलं, तर म्हणाले, “बकरी ईदच्या ऑर्डरी आहेत, ताई. नावं तर ठरलेलीच आहेत ना? मी येऊन काय करू?”

मी ‘बरं’ म्हटलं.

तर मेमधली ती मीटिंग. यादी वाचायला घेतली आणि पहिल्या नावानंतर खजिनदारांनी हात वर केला. हे इथून जवळच अल हैलला राहतात, निवृत्तीला आलेले, हिशेबाला आणि स्वभावाला चोख. “ताई, दुसरं नाव तळाला जातं. तीन झाल्यात.”

चाचा तळाला गेले की सातव्या नंबरचा माणूस सहावा होत होता. सातवे होते इंजिनिअर. पुण्यात त्यांचा फ्लॅट आहे, पण तो बायकोच्या नावावर. तेही नियमात बसत होतं.

“माझा विषय आहे, मी बाहेर थांबतो,” असं म्हणून ते गॅलरीत गेले. दार मात्र उघडं ठेवलं.

शाळेच्या मॅडम उसळल्याच. “ज्याने जमीन मिळवून दिली त्यालाच शेवटी टाकायचं? माझ्या वर्गात कोणी असं केलं तर बाकावर उभं करीन मी.”

“हा तुमचा वर्ग नाही, मॅडम,” खजिनदार म्हणाले. “आणि तुमच्या शाळेत हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देता का?”

“आजारी असेल तर देतो.”

“चाचा कुठे आजारी होते? दुकानात होते.”

“दुकानात म्हणजे काय, एसीत बसून कॉफी पीत होते?”

“ते काय पीत होते ते मी नाही बघत. मी तीन रेघा बघतो.”

गॅलरीतून आवाज आला, “माझ्यासाठी म्हणून नाही हं बोलत. पण एकदा अपवाद केला की उद्या प्रत्येक जण मागणार.”

एक विरुद्ध एक. दोघं माझ्याकडे बघायला लागले. धर्म, गाव, शिक्षण यांतलं कोणी काही काढलं नाही. काढायची गरज पडली नाही. माझा एक पानी कागद पुरेसा होता. मी मनात म्हटलं, नियम मोडला तर यादीला अर्थ राहणार नाही, पुन्हा अंगठे सुरू होतील. हे खरं होतं. हेही खरं होतं की मला त्या दिवशी मीटिंग वेळेत संपवायची होती, आणि इंजिनिअरशी वाकडं घेतलं तर पुढची सहा घरं बांधून कोण घेणार, हा हिशेब मी त्या अर्ध्या मिनिटात केला होता. मॅडम म्हणाल्या, “ताई, बोला की.”

मी म्हटलं, “नियमाप्रमाणे.”

इंजिनिअर आत आले, घड्याळ बघितलं. “यल्ला, चला, पुढे?”

मॅडमनी पर्स उचलली आणि चहा न घेता गेल्या. त्यांचा राजीनामा दुसऱ्या दिवशी आला, दोन ओळींचा. मी फाईल केला.

त्या मीटिंगमधून निघालेली कामं चार. घरांची पत्रं टाइप करणं: झालं. गावच्या वायरमनला कळवणं: झालं. इंजिनिअरकडून कागदपत्रं घेणं: झालं, ती त्यांनी त्याच संध्याकाळी आणून दिली. चौथं, टेलरचाचांना निर्णय कळवणं, जबाबदारी: अध्यक्ष.

मंगळवारी त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे मशीनचा आवाज, कोणाशी तरी अरबीत एक वाक्य, मग मला: “ताई, सलाम. दोन नंबरच्या घराच्या खिडक्यांचं माप पाठवा हां. कापड आणून ठेवलंय. बायको म्हणते पडदे इथूनच शिवून आणा, तिकडचे शिंपी वाट लावतात. घाई नाही. पण या आठवड्यात दिलंत तर बरं, इन्शाल्ला.”

खिडक्यांची मापं माझ्याकडे आहेत. मी तो मेसेज चार वेळा ऐकला. सोमवारी इब्र्याला जायचं असं ठरवलं. दोन सोमवार गेले. चौथ्या कामापुढची चौकट रिकामी आहे.