लांब नाकाचा कॅमेरा

सुमीने, माझ्या लेकीने, मैत्रिणीकडून दोन कॅमेरे आणले आहेत. त्यातला एक ती ठेवून घेणार आहे. एक खिशात मावणारा, दुसरा लांब नाकाचा. मला लांब नाकाचा आवडला. त्यातून ओढ्यापलीकडचा बगळा अंगणात आल्यासारखा दिसतो. पलीकडे बिबट्याही फिरतो, म्हणून दुरून काम झालेलं बरं.

“आई, अंधुक उजेडात लांब नाकाच्या कॅमेऱ्याचा फोटो खराब येतो. या छोट्याचा स्वच्छ येतो. फक्त जवळ जावं लागतं.”

“मग दुपारी काढ.”

“घुबडाला तू सांगतेस का, दुपारी ये म्हणून?”

जवळ गेल्याशिवाय नीट कळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. ताप आहे का, हे मी तिच्या कपाळाला हात लावूनच बघते. पण कपाळ चावत नाही.

आज दिवेलागणीला ती छोटा घेऊन घुबडासाठी ओढ्याकडे गेली. मी दारातून लांब नाकाच्या कॅमेऱ्याला डोळा लावला. तिची वेणी हाताशी आली. एवढी जवळ, तरी हाक पोचणार नव्हती. मग उजेड सरला आणि चित्रात राखेसारखे दाणे उसळू लागले. आधी वेणी दिसेनाशी झाली, मग ती. तरी मी डोळा काढला नाही.