अर्धा प्याला

"रूथबाई कबरीपाशी रडल्या नाहीत; नवऱ्याला त्यांनी क्षमा केलीच नव्हती," असे आमच्या चर्चच्या मंडळीत बोलले जाते. धादांत खोटे! नवऱ्याच्या, शांतवनच्या, दारूपायी त्यांनी मार खाल्ला, हे मीही नाकारत नाही. पण दारू सोडून तो घरी परतला आणि चर्चमध्ये प्रभुभोजनाचे, म्हणजे द्राक्षरसाचे, छोटे प्याले वाटू लागला, त्या पहिल्याच रविवारी द्राक्षरस कमी पडला. वाटणाऱ्याने शेवटी घ्यायचे असते. रिकामे तबक पाहून तो पुटपुटला, "देवालाच मी नको." रूथबाईंनी आपला अर्धा प्याला पुढे केला. "घ्या गुमान. नको असता, तर घरी परत कशाला धाडलं असतं?" पुढे दर वेळी दोघे एकच प्याला अर्धा-अर्धा घेत. माणूस गेल्यावर त्याला केलेली क्षमा कुठे जाते, हे मला या वयातही उमगलेले नाही. मात्र या रविवारी रूथबाई अर्धाच प्याला प्यायल्या आणि उरलेला त्यांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवला.