कॉरिडॉरमधला क्लास

माझ्या हाताखालून गेलेलं एकही मूल आजवर नापास झालेलं नाही, हे मी भांडुपमध्ये कुणालाही छातीठोकपणे सांगते. पाचवी ते आठवी, सगळे विषय, घरच्या घरी. बाहेरच्या खोलीत एका वेळी चौदा मुलं बसतात आणि माझा आवाज खालच्या गल्लीपर्यंत जातो. नवरा म्हणतो, तू शिकवायला लागलीस की समोरच्या चाळीतली माणसंसुद्धा भूगोलात पास होतील. तर अशा माझ्या स्वतःच्या मुलीला नववी संपेपर्यंत नीट वाचता येत नव्हतं, आणि ते मला ठाऊक नव्हतं.

ठाऊक नव्हतं म्हणजे, अक्षर गचाळ आहे आणि शुद्धलेखनाची पार वाट लागलेली आहे, एवढं दिसत होतं. मी त्याला आळस म्हणायचे, आणि आळसावरची औषधं माझ्याकडे भरपूर होती. पण धडा वाच म्हटलं की ती घडाघडा वाचायची, त्यामुळे मी निर्धास्त होते. शेवटी शाळेतल्या मराठीच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांनी तिला वर्गात एक अनोळखी कागद वाचायला दिला होता आणि तिला त्यातल्या दोन ओळीसुद्धा धड वाचता आल्या नव्हत्या. "हा डिस्लेक्सिया असावा," बाई म्हणाल्या. "सरकारी हॉस्पिटलचं सर्टिफिकेट आणलंत तर दहावीला तिला जास्त वेळ मिळेल, पेपर वाचून दाखवायला माणूस मिळेल. बोर्डाचा फॉर्म भरायच्या आत आणा. नाही आणलंत, तर पोरगी हुशार असूनही नापास होईल."

नापास हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. मी दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटल गाठलं. सासूबाई मागून म्हणाल्याच, "चेडू शानां आसा. तेका डॉक्टर कित्याक व्हयो?" शहाण्या पोरीला डॉक्टर कशाला, मलाही खरं तर तेच वाटत होतं.

लहान मुलांची मानसिक तपासणी करायला त्या हॉस्पिटलात एकच मॅडम होत्या. जागा तीन होत्या म्हणे. एक बाई निवृत्त झाल्या, दुसऱ्या सोडून गेल्या, आणि त्या जागा भरणार आहेत असं सगळे सांगायचे, खिडकीवरच्या क्लार्कपासून लिफ्टमनपर्यंत. उरलेल्या मॅडम कंत्राटावर. मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्याकडे, बाकीचे दिवस पश्चिम उपनगरातल्या दुसऱ्या हॉस्पिटलात. हाताखाली मदतनीस नाही, नाव पुकारायला शिपाई नाही. त्या स्वतःच दार उघडून नाव पुकारायच्या, स्वतःच रजिस्टर लिहायच्या, वाजणारा फोन घ्यायच्या, आणि मध्येच पाठमोऱ्या होऊन डब्यातला एक घास तोंडात टाकायच्या. एका मुलाला दीड-दोन तास लागायचे. बाहेरच्या बाकांवर आम्ही पंधरा-वीस आया, पोरांसकट.

तारखेवर तारीख पडत गेली. मंगळवारचा अख्खा दिवस तिथेच जायचा, म्हणून आम्हा आयांची ओळख झाली. माझ्याशेजारी बहुतेक वेळा मुलुंडच्या गावठाणातली एक कॅथलिक बाई बसायची. ती घरून केकच्या ऑर्डरी घ्यायची आणि केक कापताना निघालेल्या कडा डब्यात भरून सगळ्यांसाठी आणायची. तिची सहा वर्षांची मुलगी एका जागी अर्धा मिनिटही टिकत नसे. आम्ही त्या बाईला मुलुंडवाली म्हणायचो आणि ती मला टीचर म्हणायची.

एका मंगळवारी मॅडमनी वैतागून दार उघडलं. "अहो, आत मुलाला माझा आवाज ऐकू येत नाहीये. इथे कुणी या पोरांना गप्प बसवू शकेल का?"

मुलुंडवालीने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही आहे ना, टीचर. मघापासून माझ्या पोरीला पाढे म्हणायला लावतेय. विचारलं का हिला कुणी? नाय!"

मॅडमनी रजिस्टर माझ्या हातात दिलं, यादी दिली आणि दार लावून घेतलं. दोन रिकाम्या जागांपैकी एक अशा रीतीने भरली गेली. मी नावं पुकारू लागले, पोरांना वयाप्रमाणे बसवू लागले, मोठ्यांना गणितं घालू लागले. कॉरिडॉर असा शांत झाला की शेजारच्या कान-नाक-घशाच्या ओपीडीतले डॉक्टर बाहेर डोकावून गेले. मला त्याचा इतका अभिमान वाटला की काही विचारू नका.

आणि तिथेच मी माती खाल्ली.

माझ्या लेकीची पहिली बैठक झाली होती. ठोकळे, चित्रं, कोडी, आकडे. मॅडम म्हणाल्या होत्या, "बुद्धी झकास आहे हो तिची. पुढच्या बैठकीत वाचन आणि लेखन बघू, मग सर्टिफिकेटचं ठरेल." आता मला सांगा, ट्यूशनवाल्या बाईला कुणी म्हटलं की पुढच्या वेळी वाचनाची परीक्षा आहे, तर ती काय करेल? परीक्षा संपवून मुलं बाहेर आली की त्यांच्याकडून पेपर काढून घ्यायचा, ही माझी जुनी सवय. पुढच्या बॅचला उपयोगी पडतो. मी आतून बाहेर येणाऱ्या प्रत्येक मोठ्या मुलाला केकचा तुकडा देऊन विचारू लागले, "काय रे वाचायला दिलं?" एकाला पहिल्या ओळी आठवत होत्या, दुसरीला मधल्या. तीन-चार मंगळवारांत अख्खा उतारा माझ्या शंभर पानी वहीत जमा झाला. कुंभाराच्या गाढवाची गोष्ट होती. मी तो स्वच्छ अक्षरात लिहून काढला, बाकीच्या आयांना फोटो पाठवला आणि घरी लेकीला रोज वाचून दाखवला. तिसऱ्या दिवशी तिने तो एक शब्द न चुकता म्हटला. आपल्या पोरीने चांगलं वाचलं की मॅडम खूश होतील आणि सर्टिफिकेट देतील, एवढाच विचार माझ्या डोक्यात. ते सर्टिफिकेट वाचता येत नाही म्हणून मिळतं, हे मला इतकं उघड असूनही सुचलं नाही. मी आयुष्यात परीक्षा फक्त पास होण्यासाठी दिली होती.

बैठकीच्या दिवशी मॅडमची फार धावपळ चालली होती. एकीकडे फोन, एकीकडे कुणाचे तरी रिपोर्ट. त्या गडबडीत त्यांनी टेबलावर लहान मुलांसाठीच्या दुसऱ्याच उताऱ्याचं कार्ड ठेवलं. ते मधमाश्यांवरचं होतं, वर पोळ्याचं भलंमोठं चित्र. माझ्या लेकीने कार्ड हातात धरलं, नजर त्यावर ठेवली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "एका गावात एक कुंभार राहत होता. त्याच्याकडे एक म्हातारं गाढव होतं."

पाच मिनिटांनी दार उघडलं. "ताई, जरा आत या."

मॅडमनी आधी मला कार्ड दाखवलं, मग लेकीला म्हणाल्या, "आईसमोर परत वाच बघू." तिने परत गाढव वाचलं. मधमाश्यांकडे बघत, ठरल्या जागी थांबे घेत, विरामचिन्हांसकट. मॅडमनी चष्मा काढला आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. मग चष्मा परत लावला आणि माझी अशी काही हजेरी घेतली की शाळेनंतर मी तशी बोलणी कुणाची खाल्ली नव्हती. "तुम्ही माझा अख्खा संच वाया घालवलात, कळतंय का? आता तुमच्या कॉरिडॉरमधल्या कुणालाही हा उतारा देऊन उपयोग नाही. दुसरा संच तिकडच्या हॉस्पिटलात कपाटात आहे. मी एकटी आहे हो इथे, आणि तुम्ही माझ्याच विरुद्ध क्लास काढलात!"

मी वही पर्समधून काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. दुसरं काय करणार? त्यांनी ती ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. मग लेकीकडे वळून अगदी मऊ आवाजात विचारलं, "असे किती धडे पाठ आहेत गं तुला?"

"आठवीपर्यंतचे सगळे," ती म्हणाली. "आई बाहेर शिकवते, मी आतल्या खोलीत बसून ऐकते."

"मग आईला सांगितलं का नाहीस, वाचता येत नाही म्हणून?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "आईचा क्लास आहे ना. लोक म्हणाले असते, हिच्याच पोरीला येत नाही. मग कोण पाठवणार पोरं?"

मी आपली छताच्या पंख्याकडे बघत बसले. मी आळशी म्हणायचे ती पोरगी इतकी वर्षं माझा क्लास सांभाळत होती. आठवीपर्यंतचं सगळं नुसत्या कानांनी पाठ करणं हे वाचायला शिकण्यापेक्षा किती कठीण असेल! मला स्वतःचा राग आला आणि तिचं कौतुक वाटलं, दोन्ही एकदम.

पण पेच तसाच होता. तपासणी नव्या उताऱ्यावर पुन्हा व्हायला हवी, आणि मॅडमचं रजिस्टर बोर्डाच्या फॉर्मच्या तारखेच्याही पुढपर्यंत भरलेलं. बाहेर येऊन मी सगळ्या आयांना खरं काय ते सांगून टाकलं. फोटो सगळ्यांकडे होते, त्यामुळे सगळ्यांचेच चेहरे पडले. मुलुंडवालीने मात्र केकचा डबा मिटला आणि सरळ दार ठोठावून आत गेली. "मॅडम, ह्या शुक्रवारचा नंबर माझ्या पोरीचा आहे ना? तो हिच्या पोरीला द्या. माझी सहा वर्षांची आहे यार, तिला कुठे लगेच बोर्डाला बसायचंय?"

"तुम्हाला मग थेट दिवाळीनंतरची तारीख मिळेल," मॅडम म्हणाल्या.

"मिळू दे. तोपर्यंत टीचर सांभाळेल तिला. सांभाळशील ना गं?"

मी म्हटलं, जन्मभर सांभाळेन.

सर्टिफिकेट फॉर्म भरायच्या आत मिळालं, हे इथेच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. मुलुंडवालीची मुलगी त्यानंतर मंगळवारी दुपारी माझ्याकडे यायला लागली आणि आता सलग सहा मिनिटं बसते. मॅडम अजून एकट्याच आहेत, जागा अजून भरणार आहेत. पण मला खरं सांगायचंय ते त्या शुक्रवारचं.

मॅडमनी पश्चिमेकडून पिशवीत घालून दुसरा संच आणला होता. माझी लेक आत गेली. मी रजिस्टर मांडीवर घेऊन बाकावर बसले, मुलुंडवाली नंबर नसतानाही सोबत म्हणून आली होती. त्या दिवशी दाराची कडी नीट लागली नव्हती, त्यामुळे आतला शब्द न् शब्द ऐकू येत होता. आणि लेकीला खरोखर वाचताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "मोठ्या... मै... मैदा... मैदानात." एकेका अक्षरापाशी थबकत, मागे येत, पुन्हा पुढे जात. घडाघडा बोलणारी माझी पोरगी त्या चार ओळींत घामाघूम होत होती. मग एका शब्दाशी अडली. "प... पर... परद..." मला कळलं, प्रदर्शन. माझ्या क्लासमध्ये मूल अडलं की अर्ध्या सेकंदात मी शब्द पुरवते, ही वर्षानुवर्षांची खोड आहे. माझं तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मुलुंडवालीने त्यावर हात ठेवला. हाताला व्हॅनिलाचा वास येत होता.

आत मॅडमनीही तो शब्द पुरवला नाही. आणि मग माझ्या लेकीने, अजिबात न लाजता, मोठ्या स्पष्ट आवाजात सांगितलं, "हे मला येत नाही. पुढचं वाचू?"

इतक्या वर्षांत, चौदा-चौदा मुलांच्या इतक्या बॅचेसमध्ये, माझ्या घरात हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायला मी कुणाला उसंतच दिली नव्हती. माझे डोळे भरून आले आणि मी तशीच हुंदके देत बसले. मुलुंडवालीला वाटलं मी अजून तो शब्द सांगायला बघतेय, म्हणून तिने हात आणखी घट्ट दाबून धरला.