आडवी बाटली आणि माझा ऑटो

माझ्या मेहुण्याचं दारूचं दुकान मी बंद पाडलं. तेही त्याच्याच सांगण्यावरून.

मेहुणा संजू म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दारव्ह्याजवळ आमच्याच गावात त्याचं देशीचं दुकान. परवाना रीतसर, भिंतीवर फ्रेम करून लावलेला! उघडायची वेळही सरकारने ठरवून दिलेली. (ती फक्त पुढच्या शटरला लागू. मागचं दार दिवस उजाडायच्या आधीच सुरू!) शेवटी गावातल्या बायांनी अर्ज केला आणि मतदान लागलं. मत फक्त बायांचं. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

संजू घाबरून आला. "भाऊजी, तुमचा ऑटो लावा. आपल्या बाजूच्या साऱ्या बाया आणा, अन् रस्त्यानं समजावजा!"

"कायले फिकर करतं बे! एकही सोडत नाही."

सकाळपासून खेपा सुरू. प्रत्येक खेपेला मी ओरडायचो, "माय, उभीवर मारजा बरं शिक्का!"

"हो बापू, उभ्यानंच मारतो!" म्हाताऱ्या हसायच्या. मी खूश!

दुपारी शाळेसमोर पाहतो तर काय! रांग फाटकातून थेट पाण्याच्या टाकीपर्यंत. कापूस वेचणं टाकून आलेल्या बाया, कडेवर लेकरं, एक आजी तर बाजेवर उचलून आणलेली. आणि एवढ्या गर्दीत हूं की चूं नाही! मला आपोआप चप्पल काढावीशी वाटली.

तेवढ्यात संजूची बायको सुनीता मत देऊन बाहेर आली. संजूने डोळ्यांनीच विचारलं.

"आडवी," ती म्हणाली. सगळ्यांदेखत! "मागच्या दाराशी बाया रडत येतात नवऱ्याले न्यायले. तुम्ही दुकान नोकरावर सोडून झोपून राहता. मले ऐकू येते."

संजू मटकन खालीच बसला. मी त्याला धरायचं सोडून तिच्याकडे बघतच राहिलो.

आडवी बाटली जिंकली. संजूने मतदान घेणाऱ्या साहेबांना विचारलं, "कशी काय हरलो जी?"

"यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडवी म्हणावं लागतं," साहेब म्हणाले. "ज्या घरीच बसल्या असत्या, त्या साऱ्या तुमच्याच कामी आल्या असत्या. पण यावेळी कोणीतरी बाया फारच मेहनतीनं आणल्या बुवा!"

संजू हळूच माझ्याकडे वळला. मी ऑटोमागे सरकलो, तर तिथे बाया हार घेऊन उभ्या! गुलालासकट मिरवणूक निघाली. पुढे मीच.

आता लग्नात मला पाहिलं की मंडळी पटापट ग्लास लपवतात आणि "दारूबंदीवाले भाऊ आले!" म्हणून माझ्या हाती ताक देतात. खरं सांगू? मला ताक अजिबात आवडत नाही हो!