शेजारच्या बाईंची कॅनडातली जमीन

इंग्लंडात बेसिंगस्टोकला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई पंच्याऐंशीच्या आहेत. मी आयटीत, म्हणजे मला कॉम्प्युटरमधलं सगळंच कळतं असा त्यांचा ठाम समज. गेल्या मार्चमध्ये एका शनिवारी त्यांनी कुंपणापलीकडून हाक मारली. वारलेल्या भावाचं घर रिकामं करताना त्यांना एक जाड, पिवळट कागद सापडला होता. शंभरेक वर्षांपूर्वी त्यांच्या आजोबांना कॅनडा सरकारने दिलेली एकशेसाठ एकर जमीन, जवळजवळ फुकट. अट एवढीच, की तीन वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं आणि थोडी जमीन नांगराखाली आणायची.

"म्हणजे ती आता माझी का गं?" त्यांनी विचारलं. मी हसले. त्या हसत नव्हत्या.

त्यांच्या घरात आजोबांची गोष्ट एका वाक्याची होती: बायकोला आणि तान्ह्या मुलीला टाकून तो कॅनडाला निघून गेला. ती मुलगी म्हणजे या बाईंची आई.

मी तिथल्या सरकारी दप्तरखान्याला ईमेल केली. तीन आठवड्यांनी आजोबांच्या फाइलचे स्कॅन आले. पहिल्या अर्जात कुटुंबाच्या रकान्यात लिहिलं होतं: बायको आणि एक मुलगी, इंग्लंडमध्ये, वसंतात येतील. पुढे मुदत वाढवून मागितली, त्यातही तेच. जमीन नावावर झाली त्या शेवटच्या अर्जातही तेच, वसंतात येतील.

बाईंनी ती ओळ माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली. "आजी तर म्हणायची, त्याने कधी बोलावलंच नाही."

"कदाचित सरकारला दाखवायला लिहिलं असेल," मी म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला, म्हणून घाईने म्हटलं, "किंवा मग आजीच गेल्या नसतील." हे तर त्याहून वाईट झालं.

दप्तरखान्यातल्या कर्मचाऱ्याने ईमेलमध्ये खाली आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या. नावावर झाल्यावर वर्षभरात आजोबांनी जमीन विकली, पुढे त्यांचा पत्ता लागत नाही. आणि सरकारने तिचे तुकडे पाडण्याआधी तिथे मूळ रहिवाशांची वस्ती होती, त्यांना दुसरीकडे हलवलं होतं. हवे असतील तर तेही कागद पाठवू.

"मग जी सरकारची नव्हतीच, ती दिली कशी?" बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. आमचं गाव धरणात गेलं, तेव्हा सरकारने माळावर जमीन दिली. तिच्यावरच मी वाढले.

"बाबा, आपली जमीन आधी कुणाची होती हो?"

"सरकारची."

"आणि सरकारच्या आधी?"

"धनगर यायचे मेंढरं घेऊन. आम्ही आलो तेव्हा भांडणं झाली. मी सात-आठ वर्षांचा असेन. मग यायचे बंद झाले." आणि बाबा जरा चिडून म्हणाले, "आमचं गाव पाण्याखाली गेलं होतं. आम्ही कुठं जायचं होतं?"

दुसऱ्या दिवशी हे बाईंना सांगितलं. त्यांनी सरळ विचारलं, "तुझे वडील ती परत देतील का?"

"आता तिथे डाळिंबाची बाग आहे," मी म्हटलं. हे काय उत्तर झालं, ते मलाही कळेना. बाबांची बाजू घ्यावी, तर बाईंच्या आजोबांचीही घ्यावी लागत होती. आजोबांवर चिडावं, तर बाबांचा चेहरा समोर येत होता.

बाईंनी माझ्याकडून ते मूळ रहिवाशांचे कागदही मागवून घेतले, आणि आजीने आजोबांना लिहिलेलं एखादं पत्र फाइलमध्ये आहे का, तेही विचारायला लावलं. कागद आले. पत्र नव्हतं.

आता कुणी चहाला आलं की बाई आजोबांची गोष्ट सांगतात. कधी ते सोडून गेलेले असतात, कधी आजी अडून बसलेली असते. परवा तर ती जमीन आधी कुणाची होती, इथवर येऊन त्या मधेच थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. मी केक कापत राहिले.