उभ्याने जाणाऱ्या अहिरेबाई

बसमध्ये निम्म्या जागा रिकाम्या असल्या तरी अहिरेबाई उभ्याच असायच्या. दाराजवळच्या दांड्याला पाठ टेकलेली, कुबडी काखेत, पर्स गळ्यात. देवळाली कॅम्प ते नाशिक रोड, रोज सकाळी. लहानपणी पोलिओ झालेला. उजव्या पायाला मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि त्याला गुडघ्यापाशी खटका. खटका लावला की पाय ताठ, सोडला की बसता येई. पण बसल्यावर पुन्हा उठून तो लावेपर्यंत उतरायचा थांबा मागे पडे. म्हणून त्या उभ्याने जात. इतकं साधं कारण, पण ते कुणी विचारतच नसे.

मीही विचारलं नाही. त्यांच्याच कार्यालयात माझी नुकतीच बदली झाली होती आणि अंगात परोपकार उतू चालला होता. "ताई, बसा ना," म्हणत मी दाराजवळच्याच सीटवरच्या एका गृहस्थांना उठवलं, बाईंची कुबडी काढून घेतली आणि दंडाला धरून त्यांना बसवलंच. त्या "अहो, नको, नको" म्हणत होत्या; मला तो संकोच वाटला. नाशिक रोडला मी ऐटीत उतरलो. बस बाईंना घेऊन पुढे गेली आणि त्यांची कुबडी माझ्या हातात राहिली.

त्या रिक्षाने परत आल्या तेव्हा मी थांब्यावरच उभा होतो. बाई सटाण्याकडच्या, चिडल्या की अहिराणीत शिरत. "भाऊ, हाई कुबडी नही, मना पाय शे! कोनी कोनाना पाय उचली लई जास का?" मग श्वास घेऊन म्हणाल्या, "मदत करायचीय ना? आधी विचारा. विचारायला तिकीट लागत नाही."

तो त्यांचा महिन्यातला तिसरा उशीर होता. आधीचे दोन्ही असल्याच परोपकाऱ्यांमुळे झालेले. आमचे साहेब मनाचे चांगले. त्यांनी बाईंच्या वतीने त्यांच्या घराजवळच्या, कॅम्पातल्या कार्यालयात बदलीचा अर्जच लिहून ठेवला होता. "रोजची ओढाताण कशाला, बाई? फक्त सही करा." वीस वर्षं सांभाळलेलं टेबल एका सहीने जाणार होतं, तेही माझ्यामुळे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी अर्ज वाचला, त्याची नीट घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. "आधार याला हवाय, साहेब," म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

पुढे नऊ वर्षं आम्ही एकाच बसने गेलो. त्या चढायला लागल्या की मी हात पाठीमागे बांधून उभा राहायचो. कधी त्यांचा तोल जाई, माझा जीव खालीवर होई, पण हात तिथेच.

बाईंच्या निवृत्तीला आठवडा उरला होता. कुबडीमुळे खांदा पार आखडला होता. बसच्या पायरीशी येऊन बाई थांबल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "उचला ना त्यांना!" मी हललो नाही. बाई वळल्या. "आज हात द्या हो."

मी घाईघाईने त्यांचा दंड धरायला गेलो.

"धरू नका, भाऊ. नुसता पुढे करा. धरते मी."

मी हात पुढे केला. त्यांनी तो घट्ट धरला आणि त्या चढल्या.